खटपट : गोठ्यातली पद्मिनी का बोलत नाही?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात चिखली तालुक्यातून आलेलं एक जाडजूड पत्र आहे. लिहिणारा मित्र नववीत आहे. चार पानं मजकूर आणि वर पेन्सिलीनं काढलेलं गाडीच्या बॉनेटखालचं चित्र. चित्र इतकं नीट आहे, की निम्मं उत्तर मला त्यातच सापडलं. तुम्हीही पत्र लिहाल तेव्हा असं चित्र काढून पाठवा.

हकीकत अशी. त्याच्या आजोबांची १९९३ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेली अकरा वर्षं ती गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या गंजीला टेकून उभी आहे. आजोबांची नजर अधू झाली आणि गाडी थांबली, ती थांबलीच. त्याआधी गावात रात्री-अपरात्री कुणाचं पोट दुखू दे, कुणाला साप चावू दे, की एखादी बाळंतीण अडू दे, चिखलीच्या दवाखान्यापर्यंत हीच गाडी धावायची. आता बाबा म्हणतात, "दिवाळीपर्यंत सुरू झाली तर राहील. नाही झाली तर भंगारवाला येईल." मोठ्या भावानं पैसे साठवून नवी बॅटरी आणली. दिवे लख्ख लागले, हॉर्न वाजला, आजोबा बाजेवरून उठून बसले! पण किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. तालुक्याहून एक मेकॅनिक आला, त्यानं ऐकलं आणि सांगितलं, "सेल्फ जळला. नवा टाका." पद्मिनीचा सेल्फ आता मिळायला कठीण, मिळाला तर महाग. "काका, सेल्फ खरंच जळला असेल का?" असं त्यानं विचारलंय.

पत्रात दोन ओळी अशा आहेत, की त्या लिहिताना त्याला त्यांची किंमत कळली नसावी. पहिली : "सेल्फ मारताना दिवे जराही मंद होत नाहीत." आणि दुसरी : "दादानं चोक ओढायला हात लावला, तर चोकची तार गरम लागली." या दोन ओळी लक्षात ठेवा. आपल्याला चोर त्यांच्यामुळेच सापडणार आहे.

पण चोरामागे धावण्याआधी, मित्रा, एक काम आत्ताच्या आत्ता कर. पत्र वाचणं थांबव, गोठ्यात जा आणि बॅटरीची मायनसची तार काढून ठेव. अकरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला सरळ बॅटरी जोडणं हे धाडस आहे, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. का, ते सांगतो.

गोठा म्हणजे कडबा, कडब्यात दाणे आणि दाण्यामागे उंदीर. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. लाकूड, साबण, नारळाची करवंटी, आणि गाडीच्या वायरीसुद्धा. त्यात जुन्या वायरीचं प्लास्टिक उन्हानं वाळून कडक झालेलं असतं. वायर वाकवली की वरचं कवच तडकतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. असं उघडं तांबं गाडीच्या पत्र्याला टेकलं तर? बॅटरीतून शेकडो अँपिअरचा लोंढा त्या बारक्या तारेतून धावेल. तार लाल होईल, शेजारी कडबा आहे, आणि गाडीच्या टाकीत अकरा वर्षांपूर्वीचं पेट्रोल आहे. पुढचं सांगायला नकोच.

म्हणून गाडी आधी गोठ्याबाहेर, मोकळ्या अंगणात ढकला. बॉनेट उघडा आणि काठीनं सगळीकडे हलवून बघा. आपल्या भागात अशा जागी विंचू निघतो, कधी सापही निघतो. हात नंतर घालायचा. मग पेट्रोलच्या रबरी नळ्या बघा. त्या तडकल्या असतील, कुठे ओल किंवा वास असेल, तर नळ्या बदलेपर्यंत विजेचं नावही काढायचं नाही. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. पाणी नको. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग आणखी पसरते. आणि हे सगळं घरातलं कुणी मोठं माणूस शेजारी असतानाच, बरं का.

आता एक युक्ती. ही जुन्या वायरमन लोकांची आहे आणि मला फार आवडते. गाडीचा मागचा ब्रेकचा दिवा असतो ना, तसा १२ व्होल्ट, २१ वॉटचा एक साधा बल्ब घ्या. त्याला दोन तारा जोडा. बॅटरीची प्लसची तार नेहमीसारखी बसवा, पण मायनसची तार बॅटरीला थेट बसवू नका. मायनसचं टोक आणि ती तार यांच्या मध्ये हा बल्ब घाला. गाडीतले सगळे दिवे, बटणं बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली. आता बल्बकडे बघा. पेटला नाही, तर ठीक. मंद पेटला, तर कुठेतरी एखादा छोटा दिवा चालू राहिलाय. आणि अगदी लख्ख पेटला, तर समजा, वायर पत्र्याला टेकली आहे! पण आग लागणार नाही. कारण हा बल्ब पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज पुढे जाऊच देत नाही. तो दारावरच्या रखवालदारासारखा उभा असतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वाटेवर गडबड. आहे की नाही गंमत!

फ्यूजवरून आठवलं. जुन्या पद्मिनीत लहान कांडीसारखे फ्यूज असतात, वर धातूची बारीक पट्टी. टोकं गंजून हिरवी झाली तर फ्यूज न जळताही दिवा लागत नाही. कांडी जागच्या जागी फिरवली तरी कधीकधी काम होतं. पण फ्यूज जळला म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळायची, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची, हा उद्योग आपल्याकडे फार चालतो. तसं कुणी करत असेल, तर त्याला स्पष्ट सांगा, की फ्यूज स्वतः जळतो तो वायर जळू नये म्हणून.

बल्बची परीक्षा पास झाली? मग आता चोराकडे वळू.

आधी एक प्रश्न. घरात बल्ब लावायला दोन तारा लागतात. मग गाडीच्या दिव्याकडे एकच तार जाताना का दिसते? वीज गेली तर परत कुठून येते?

उत्तर : गाडीच्या अंगातून! बॅटरीचा मायनस पत्र्याला जोडलेला असतो. दिव्याकडे वीज तारेनं जाते आणि पत्र्यातून परत येते. सगळी गाडी म्हणजेच दुसरी तार. याला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. खरं तर जमिनीशी याचा काही संबंध नाही, गाडी तर चार रबरी टायरांवर उभी असते, पण नाव पडलंय ते पडलंय. (काही फार जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत उलटं असायचं, प्लस पत्र्याला. म्हणून जुनी गाडी हातात आली, की पत्र्याकडे जाणारी तार बॅटरीच्या कोणत्या टोकाची आहे ते पहिल्यांदा बघायचं.)

म्हणूनच बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा आणि लावताना मायनस शेवटी. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना सटकून पत्र्याला लागला, तर बॅटरीची दोन्ही टोकं पान्यानं जोडली जातात. ठिणग्यांचा फटाका उडतो. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना कुठेही लागू दे, वाटच तुटलेली असते.

आता पुढची पायरी. इंजिन गाडीत कसं बसवलेलं असतं? बोल्टांनी, पण मध्ये जाड रबराचे तुकडे घालून. नाहीतर इंजिनाच्या थरथरीनं आपले दात वाजले असते. पण रबरातून वीज जात नाही! म्हणजे इंजिन पत्र्यापासून वेगळं पडलं. आणि सेल्फची मोटार तर इंजिनालाच घट्ट बसवलेली. तिची परतीची वाट कुठली? त्यासाठी तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते, वेणीसारखी. एक टोक इंजिनाला, दुसरं पत्र्याला. ही इंजिनाची अर्थ पट्टी. स्वस्तातली, तेलकट, काळी, खाली कुठेतरी लपलेली. कुणाचं तिच्याकडे लक्ष जात नाही.

अकरा पावसाळे, गोठ्यातली ओल, जनावरांच्या मुताची वाफ. त्या पट्टीच्या बोल्टाखाली गंज चढला असेल, नाहीतर पट्टीच तुटली असेल. आता हिशेब करू. सातवी-आठवीतल्यांनी घाबरायचं नाही, फक्त गुणाकार आहे. ओहमचा नियम सांगतो : व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. समजा, गंजलेल्या सांध्याचा अडथळा फक्त ०.१ ओहम आहे. किल्ली फिरवली की आधी सेल्फवरचा छोटा विद्युतचुंबक आत ओढला जातो. त्याचा आवाज म्हणजे तो 'टक्'. त्याला साधारण दहा अँपिअर लागतात. १० गुणिले ०.१, म्हणजे १ व्होल्ट गेला. बाराबाहेर अकरा उरले, चुंबकाचं काम झालं. पण लगेच पुढे मोठी मोटार जोडली जाते. तिला हवेत शंभराहून जास्त अँपिअर. १०० गुणिले ०.१, म्हणजे १० व्होल्ट एकट्या त्या गंजातच खर्ची! मोटारीला उरले दोन. ती काय डोंबल फिरणार?

बुलडाण्याच्या पोरांना हे मी शिकवायला नको. संध्याकाळी व्होल्टेज पडलं, की विहिरीवरची मोटार नुसती घुमते, पाणी उचलत नाही. मोटार जळलेली नसते. वाटेतच जीव गेलेला असतो. तसंच हे.

आणि दिव्यांचं काय? दिवे पत्र्याला जोडलेले आहेत, इंजिनाला नाहीत. त्यांची परतीची वाट वेगळी आणि चांगली आहे. म्हणून सेल्फ मारताना ते मंद होत नाहीत. बॅटरी दुबळी असती, किंवा बॅटरीच्याच टोकावर गंज असता, किंवा इंजिन आतून गच्च धरलं असतं, तर दिवे विझू-विझू झाले असते. पत्रातली पहिली ओळ हे सगळे संशयित सोडून देते.

दुसरी ओळ तर चोराचा ठसाच आहे. चोकची तार गरम का झाली? इंजिनाची वीज मायनसकडे परत जायला धडपडते. राजमार्ग बंद आहे. मग ती आडवाट शोधते. चोकची तार एका टोकाला कार्बोरेटरला म्हणजे इंजिनाला आणि दुसऱ्या टोकाला डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकलेली. सापडली वाट! पण ती बारीक पोलादी तार, सेल्फची वीज कशी पेलणार? ती तापते. फार वेळ सेल्फ मारत राहिलं, तर तिच्यावरचं आवरण वितळतं. तेव्हा दादाला सांग, पट्टी दुरुस्त होईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

खामगावला एका म्हाताऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे मी बरेचदा बसतो. त्यांचं एक वाक्य ऐका : "सारे बॅटरी बदलून राह्यले, सेल्फ बदलून राह्यले, पन अर्थ कोनी पाहून नाई राह्यलं." यात सगळं आलं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा असा मिळवायचा. आधी इंजिन मोकळं आहे ना, ते बघा. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच मागेपुढे ढकला, किंवा पान्यानं पुली फिरवा. फिरली पाहिजे. जोर लावूनही हलत नसेल तर विजेचा प्रश्नच मागे पडला, मोठ्या मेकॅनिकला बोलवा. फिरत असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. अकरा वर्षांनी हँडब्रेकवर माझा विश्वास नाही, दगड हवेतच. कॉइलची बारीक तार काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. प्लग काढलेल्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना ठिणगी अजिबात नको.

आता ट्रॅक्टर सुरू करायला वापरतात ती जाड जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सरळ इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला, बॅटरीपासून लांब, घट्ट. म्हणजे तात्पुरती नवी अर्थ पट्टी झाली. दादाला एकदाच किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ घरघरला, तर सेल्फ निर्दोष आहे आणि तुमचे काही हजार रुपये वाचले. नाही घरघरला, तर मग सेल्फ किंवा त्याच्याकडे येणारी प्लसची जाड तार बघायची.

मल्टिमीटर असेल तर आणखी मजा. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. जंपर केबल काढा. लाल टोक इंजिनाच्या लोखंडाला, काळं बॅटरीच्या मायनसवर, म्हणजे खुद्द शिशाच्या टोकावर. कुणीतरी क्षणभर किल्ली फिरवेल. चांगल्या अर्थला अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा दिसतो. तीन, पाच, आठ असं काही दिसलं, तर तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवताहेत. मग वाटेचे दोन तुकडे करायचे. इंजिन ते पत्रा मोजा, पत्रा ते मायनस मोजा. जिथे आकडा मोठा, तिथे गंज. विजेचा कुठलाही बिघाड शोधायची हीच पद्धत आहे. वाट अर्धी करा, चांगला अर्धा सोडून द्या, उरलेली पुन्हा अर्धी करा. वस्तू बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पट्टी सापडली की बोल्ट सोडा, दोन्ही बाजूंचा रंग-गंज पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकाकेपर्यंत साफ करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. तुटली असेल तर नवी पट्टी ऑटो पार्टच्या दुकानात मिळते. मागच्या दिव्यांचीही अर्थ अशीच साफ करा. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लुकलुकतो, ब्रेक दाबला की पार्किंगचा मंदावतो, असे भुताटकीचे प्रकार दिसले की डोळे मिटून समजावं, तिथली अर्थ गेलीय.

आता थोडं बॅटरीबद्दल, कारण आणखी दोन पत्रांत तोच प्रश्न आहे. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गॅस्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ साली बनवली. आजच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत अजून बहुधा तिचीच नात-पणती असते. सहा खण, प्रत्येकात २ व्होल्टपेक्षा थोडे जास्त. म्हणून भरलेल्या बॅटरीवर १२ नव्हे, १२.६ च्या आसपास दिसतात. १२ दिसले तर ती जवळजवळ रिकामी आहे. साडेदहा दिसले तर एखादा खण मेला. बॅटरी रिकामी होते तेव्हा पत्र्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग काही केल्या विरघळत नाहीत. न वापरताही बॅटरी आपोआप उतरते, आणि साधारण १० अंश तापमान वाढलं की उतरण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणून डोंगरावरच्या बुलडाण्यात जी बॅटरी चार महिने तग धरेल, ती मे महिन्यात घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या भट्टीत त्याच्या निम्म्या वेळात मान टाकेल. गाडी उभी करायचीच असेल तर मायनस काढून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्जिंगला लावा. चार्जिंगचा अँपिअर बॅटरीच्या क्षमतेच्या दहावा भाग, म्हणजे ३५ अँपिअर-अवरला साडेतीन. घाई करू नका. आणि चार्जिंग चालू असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा बिडीवाल्या काकांना तिथून हात जोडून लांब पाठवा. पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. ॲसिड नाही.

टोकांवर पांढरा-हिरवा भुगा साठतो ना, तो हातानं पुसू नका. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला आणि जुन्या ब्रशनं लावा. फसफसतं. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड निघतो. बॅटरीच्या झाकणातून आत मात्र एक थेंबही जाऊ देऊ नका. गंमत म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्यात याच जातीचे क्षार आहेत, म्हणून ते पाणी इतकं अल्कधर्मी. (म्हणून कुणी लोणारहून बाटली भरून आणू नका! ते अभयारण्य आहे, आणि सोड्याची पुडी किराणा दुकानात मिळते.)

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची पद्धत गावोगाव आहे. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, त्यामुळे चालतं. ट्रक मात्र बहुतेक २४ व्होल्टचे असतात. ट्रकवरून जोडलंत तर दिव्यांपासून सगळं उडेल. आणि ज्यांच्या घरी २००० सालानंतरची, आत कॉम्प्युटर असलेली गाडी आहे, त्यांनी ही ठिणगी-बहाद्दरी करूच नये. सरळ बॅटरी काढून चार्ज करावी.

सेल्फ फिरला, तरी इंजिन लगेच पेटेलच असं नाही. जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचं वार्निश झालेलं असतं. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. आत दोन लहान पॉइंट असतात, उघडझाप करणारे. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधला चुंबक कोसळतो आणि १२ व्होल्टमधून हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतप्रवर्तन ते हेच. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पॉइंटवर राखाडी थर चढतो आणि वीज जातच नाही. बारीक पॉलिश पेपर एकदा ओढा, स्वच्छ कपडा फिरवा, फट गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढी ठेवा. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. किल्ली चालू ठेवून गप्पा मारत बसू नका, कॉइल तापते. प्लगच्या जाड तारांना चालू इंजिनात हात लावू नका, नाहीतर कोपरापर्यंत झिणझिण्या येतील. या बॅटरी-कॉइलच्या ठिणगीमागचा आणि विजेच्या सेल्फमागचा माणूस एकच, अमेरिकेतला चार्ल्स केटरिंग. त्याचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आला. त्याआधी सगळा हँडल मारायचा मामला होता, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं.

इंजिन सुरू झालं की बॅटरीवर पुन्हा मल्टिमीटर लावा. थोडा वेग दिल्यावर १४ च्या आसपास दिसायला हवेत. साडेबारावरच अडकला तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर चार्ज करत नाही. जुन्या गाड्यांत डायनॅमो असायचा, पुढे अल्टरनेटर आला. साडेपंधरा दिसले तर रेग्युलेटर बिघडलाय, ताबडतोब बंद करा, बॅटरी उकळेल.

ही पद्मिनी कुर्ल्याची लेक, हे तुम्हाला माहीत आहे का? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिलाच पद्मिनी नाव मिळालं. २००० च्या सुमाराला गाडी बनणं थांबलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता जिवंत गाड्या उरल्यात त्या अशा पडव्यांत आणि हौशी लोकांच्या घरी.

पण मित्रा, एक गोष्ट खरीखुरी सांगतो. वायरी ठिकठिकाणी वाकवून बघ. एक-दोन जागी कवच तडकलं तर नवा तुकडा जोडता येतो. पण हात लावीन तिथे प्लास्टिक कुरकुरून गळत असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून फसवाफसवी करायची नाही. अख्खं वायरिंग नवं करून घ्यायचं. त्याचा खर्च बाबांना आधी सांग, लपवू नकोस. तो परवडत नसेल, तर गाडी अंगणात उभी राहिलेली चांगली, रस्त्यावर पेटलेली नको.

आणि इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची, असंही नाही. ब्रेकची रबरं वाळलेली असतात, ब्रेक ऑइलमध्ये ओल शिरलेली असते. टायर वरून ठणठणीत दिसले तरी अकरा वर्षांत कडक झालेले असतात. अशा गाडीनं राजूर घाट उतरायचा विचारही नको. ब्रेक आणि टायर नवे झाल्यावर आधी अंगणात, मग शेतरस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये. चालवायला लायसन्सवालं मोठं माणूस. तू शेजारी बस, मल्टिमीटर घेऊन. कागदपत्रंही काढ. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. तुमच्या पद्मिनीची मुदत नक्कीच उलटली असेल. वाढवून मिळेपर्यंत आणि विमा उतरवेपर्यंत एमएच-२८ ची पाटी अंगणातच शोभेल. दिवाळीपर्यंत एवढं सगळं होईल का? नाही होणार. पण बाबांची अट 'सुरू झाली तर' अशी आहे, 'रस्त्यावर धावली तर' अशी नाही. पत्र मी दोनदा वाचून खात्री केलीय.

आजोबांनाही कामाला लाव. नजर अधू असली तरी कान शाबूत आहेत ना? सेल्फचा, पॉइंटचा, डायनॅमोच्या पट्ट्याचा आवाज त्यांच्याइतका कुणालाच ओळखता येणार नाही. आणि जंपर केबल न लावता, इंजिन ते मायनस, किल्ली फिरवताना किती व्होल्ट दिसले, तो आकडा मला पोस्टकार्डावर कळव. माझा अंदाज पाचाच्या वरचा आहे.